मे महिन्याची वाटणी

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांना उन्हाळा म्हणून पूर्वी चांगला दीड महिना मिळायचा. एप्रिलच्या मध्यावर परीक्षा आटपायच्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा नि पाऊस बरोबरच दारात यायचे. २०२५ साली या दिवसांना दोन्ही बाजूंनी कात्री लागली. सहावीपासून वरच्या बहुतेक वर्गांचं नवं शालेय वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं, आणि मुलांच्या वाट्याला मोकळा असा मे तेवढा राहिला. त्यात एरवी ५ जूनच्या आसपास येणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २५ मेच्या सुमारासच गोव्यात येऊन ठेपला. त्याआधीचे काही दिवसही पावसाचेच गेले. अंगणातली सोलां अर्धवट सुकलेली, आंब्याची साठां ओलसर, सरपण भिजलेलं, अशी त्या वर्षीची अखेर झाली.

उरलेल्या महिन्यात माहेरपण आणि आजोळ, पुरुमेंताचा म्हणजे पावसाळी बेगमीचा बाजार आणि वाळवण, शिरगावची लईराईची जत्रा, समुद्र, लग्नं, मुंबई-पुण्याचे पाहुणे, पोहण्याचा वर्ग आणि हल्ली एखादी विमानाची सहल, एवढं सगळं बसवायचं असतं. घरोघरी यावरून ओढाताण होते. बहुतेक घरी ती मनातल्या मनात होते, आमच्याकडे ती पडवीत बसून मोठ्याने होते. ताई डिचोलीला दिलेली, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिला सुट्टी आहे. वहिनी धारगळच्या आमच्या घरी असते आणि नोकरीसाठी रोज कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला जाते. तिला रजा आहे, तीही मोजून. सुट्टी असलेलं माणूस आणि रजा असलेलं माणूस उन्हाळ्याकडे एकाच नजरेने पाहूच शकत नाहीत, हे मला त्या दोघींचं ऐकताना पटत गेलं. त्यांचं बोलणं शक्य तितकं जसंच्या तसं मांडतो. मध्ये मला राहवलं नाही तिथे मीही बोललो आहे.

ताई : वहिनी, मनालीची तिकिटं काढायच्या आधी माझं एक ऐका. मुलांनी तेरेखोल पाहिलंय का? फेरीबोटीतून पलीकडे गेलीत का कधी?

वहिनी : गेली असतील लहान असताना. वन्सं, मला तेरेखोलचं वावडं नाही. पण वर्षाच्या रजेतले आठ दिवस मी मुलांसाठी म्हणून राखून ठेवते. ते आठ दिवस मी धारगळला राहिले तर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी कोणीतरी भिरंडांची टोपली आणून ठेवतं. ती संपेपर्यंत मिरच्या वाळत घालायच्या. दुपारी पाहुणे. संध्याकाळी साठां उलटायची. रजा माझी आणि ती जाते घराच्या कोठीत. मनालीला मला कोणी विचारत नाही की आगळात मीठ किती घातलंस.

ताई : आईने हे सगळं केलंच की. आणि वर आम्हाला हरमलच्या तळ्यावर नेलं, मयेला नेलं, नार्व्याला नेलं.

वहिनी : आईंनी नेलं? की बाबांनी नेलं आणि आई घरी राहिल्या? नीट आठवून सांगा.

ताई : (थांबून) हरमलला बाबाच. मयेला मामा होता. आई बाजाराला यायची. आणि लईराईला.

वहिनी : तेच म्हणते मी.

ताईच्या या उत्तरात आमच्याकडच्या बायकांच्या उन्हाळ्याचा सगळा नकाशा आहे. बाईने घराबाहेर पडायला काहीतरी कामाचं किंवा देवाचं निमित्त लागायचं. म्हणून त्यांची सहल म्हणजे आठवड्याचा बाजार. सोमवारी साखळी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा. मे महिन्यात हे बाजार दुप्पट भरायचे, कारण पावसाचे चार महिने पुरेल एवढी बेगमी, ज्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, ती याच दिवसांत करायची. कांद्याच्या माळा, हरमलची मिरची, तिरफळं, कुळीथ, सुके बांगडे, सुकी सुंगटं, गालमो, मडकी, सुपं. आई म्हापशाच्या बाजारातून परतायची ती दमलेली असली तरी तिचा चेहरा उजळलेला असायचा. बाजारात तिला तिच्या गावच्या बायका भेटायच्या, माहेरच्या बातम्या कळायच्या. एक बटाटवडा, एक ग्लास लिंबू-सोडा. तिच्या सहलीत एवढंच होतं, आणि तेही डोक्यावर ओझं घेऊन.

सोलांचं काम ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना वहिनीचं म्हणणं नीट कळायचं नाही. भिरंडं, म्हणजे रातांबे, पिकून गडद लाल झाली की एकेकाच्या दोन फाकी करायच्या. आतला बियांचा गर मिठात वेगळा ठेवायचा. त्याला पाणी सुटतं ते आगळ. साली उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या, आगळात बुडवून काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हाला लावायच्या. साल मऊ आणि काळपट होईपर्यंत रोज हेच. मध्ये एक दिवस आभाळ भरून आलं तर सगळं घरात ओढायचं, नाहीतर बुरशी धरते. राहिलेल्या बिया धुऊन सुकवल्या की त्यांचं भिरंडेल निघतं, पावसाळ्यात टाचांच्या भेगांवर लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बोटांचा जांभळट लाल रंग आठवडाभर जात नाही. तशा बोटांनी म्हापशाच्या कचेरीत संगणकावर बसणं वहिनीला आवडत नाही, आणि त्यात तिचं काय चुकलं?

ताई : वहिनी, कामाचं मी मान्य करते. पण त्या कामाभोवतीच आमची सुट्टी होती. भिरंडं आणायला रानात जायचं, म्हणून रान माहीत झालं. काजूचे बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू कोळंबीत पायाने तुडवलेले बघायचे. तिथे ठिबकणारा नीरो प्यायचो आम्ही, थंडगार. भट्टीपाशी मोठी माणसं हुर्राकाची वाट पाहत बसायची आणि आम्हाला हाकलून द्यायची. करवंदं, चुन्नां, जांभळं... घरी दुपारी कोणी मूल सापडायचं नाही. तुमची मुलं आता कुठे सापडतात? खोलीत, मोबाइल घेऊन.

वहिनी : रान राहिलंय कुठे, ते सांगा. मोपाचा सडा गेला विमानतळात. जो उरलाय त्यातल्या अर्ध्याला तारेचं कुंपण आहे. गेल्या वर्षी मुलं करवंदं काढायला गेली तर राखणदाराने विचारलं, कोण पाहिजे? आपल्याच गावात! मोरजीला रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, मिळाली तर वाळूवर खाटा मांडलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत पाण्याशी जायचं. तुम्ही ज्या जवळपासच्या जागा म्हणता, त्या तुमच्या आठवणीत आहेत, वन्सं. मुलांना मी आठवणीत फिरायला नेऊ शकत नाही.

मला वाटतं, धारगळच्या माणसाला हे बोलण्याचा हक्क आहे. ११ डिसेंबर २०२२ ला एकाच दिवशी मोपाच्या विमानतळाचं आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. महामार्ग रुंद झाला. शेतांत वसलेला आमचा गाव पाहता पाहता उपनगर झाला. यातून घरात पगार आले, हेही खरं. आमच्या वाड्यावरची किती तरी मुलं विमानतळावर कामाला आहेत आणि त्यांना आता मुंबईला खोली शोधावी लागत नाही. पण लहान मुलाच्या पायांना जो गाव लागतो तो आखडला. पूर्वी सडा, नदी, बाग, देऊळ अशी त्याची हद्द होती. आता महामार्ग एकट्याने ओलांडायचा नाही, इथेच त्याची हद्द संपते.

ताई : आमच्या डिचोलीत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा खाणी जोरात होत्या. खनिजाचे ट्रक एकामागे एक, दिवसभर. तुळस लाल, वाळत घातलेले कपडे लाल, खिडक्या उन्हाळ्यातसुद्धा बंद. मुलांना सायकल शिकवायला रस्ता नव्हता. साठां घालायची सोय नव्हती, वर धूळ बसायची. माझ्या मुलांच्या लहानपणी मीच त्यांना उन्हाळ्यात इथे धारगळला पाठवायचे, मोकळ्या हवेला. मग २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या.

वहिनी : आणि भावोजींच्या भावाचा ट्रक दारात गंजला.

ताई : गंजला. कर्जाचे हप्ते होते. घरात भांडणं झाली, मी लपवत नाही. मधे थोडं चालू झालं, २०१८ ला पुन्हा बंद. पण त्याच दिवसांत मी मुलांना घेऊन संध्याकाळी चालत लामगावला जाऊ लागले, लेण्यांकडे. आधी त्या रस्त्याने चालायची सोयच नव्हती. मये तळ्यावर जायला लागलो, हरवळ्याला. आता २०२४ पासून खाण पुन्हा सुरू झालीय. तुम्ही म्हणता जागा गेल्या. जातात. पण आमच्याकडे मधली काही वर्षं त्या परत आल्या होत्या, आणि ज्यांनी मुलांना तिथे नेलं त्यांचीच मुलं आज विचारतात की धूळ पुन्हा का उडतेय. ज्या मुलाने लामगाव पाहिलंच नाही, ते कशाला विचारेल?

इथे वहिनी काही बोलली नाही. मी बोललो. मी म्हटलं, मोरजीचं तसंच आहे. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासून पुढे. वनखात्याची माणसं घरट्यांना कुंपण घालून राखण करतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं समुद्राकडे जातात. हे पाहायला परदेशी माणूस उभा असतो आणि पेडण्याचं मूल शाळेच्या पुस्तकात कासवाचं चित्र रंगवतं. गर्दी झाली म्हणून आपण मोरजी सोडली. आपण सोडली तेव्हा तिथे खाटा वाढल्या. कुणाला अडवायला, जाब विचारायला, निदान सकाळी वाळूवर फिरायला गावचं माणूस लागतं. आपण तेही सहलीला मनालीला पाठवतो.

वहिनी : भाऊजी, हे तुम्ही म्हणता, पण मोरजीला सकाळी सहाला कोण जातं? तुम्ही?

ताई : आपण सगळी जाऊ. सहाला गर्दी नसते. कासवाचा हंगाम सरला असेल, पण वाळू तरी आपली असेल.

वहिनी : आणि पाण्यात कोण उतरेल? वन्सं, इथे मात्र मी ऐकणार नाही. दरवर्षी मे महिन्यात पेपर उघडला की कोणाचं ना कोणाचं मूल बुडाल्याची बातमी असते. नदीत, बंधाऱ्यावर, खाणीच्या खड्ड्यात. किनाऱ्यावर २००८ पासून जीवरक्षक आहेत, धोका असेल तिथे लाल बावटा लावतात, शिट्टी मारतात. आपल्या ओहोळावर शिट्टी कोण मारणार? तुम्ही म्हणता आम्ही आपोआप पोहायला शिकलो. जी शिकली ती सांगायला राहिली.

ताई : मी शाळेत आहे, वहिनी. सुट्टीनंतर एक बाक रिकामा दिसला की काय होतं ते मला सांगायला नको. आधी पोहणं, मग पाणी. तुमचा म्हापशाचा पोहण्याचा वर्ग मला मंजूर. माझ्या धाकट्यालाही त्यात घाला.

एवढ्या वादात या एकाच मुद्द्यावर दुसरी बाजू नव्हती, आणि ती नसावीच. जवळच्या पाण्याची ओळख असते म्हणून आपण बेफिकीर राहतो. शापोरा नदी घरामागून वाहते, पण तिची खोली भरतीबरोबर बदलते हे आमच्या मुलांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग गोष्ट निघाली शिरगावच्या जत्रेची. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, सोवळं पाळून, वेताची रंगीत काठी घेऊन, मोगऱ्याच्या माळा घालून येतात आणि पहाटेच्या आधी होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. डिचोलीतलं एकही घर असं नसेल ज्याचं त्या रात्रीशी नातं नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, जत्रेच्या त्या रात्री तिथे चेंगराचेंगरी झाली आणि माणसं दगावली.

वहिनी : जत्रेला मुलांना नेणार नाही म्हणजे नाही.

ताई : रात्रीच्या गर्दीत मीही नेणार नाही. त्या वर्षी आमच्या शेजारचे दोन धोंड पहाटेपर्यंत घरी परतले नव्हते; ती रात्र मी विसरले नाही. पण जत्रेनंतर कौलाचे दिवस असतात. दिवसाउजेडी जाता येतं. मुलांना देवी दिसली पाहिजे, तळं दिसलं पाहिजे, होमकुंडाची राख दिसली पाहिजे. आणि ती गोष्ट त्यांना तिथेच सांगायची आहे मला.

ती गोष्ट पेडण्या-डिचोलीच्या प्रत्येक आजीला येते. सात बहिणी आणि एक भाऊ. लईराई शिरगावला राहिली, केळबाय मुळगावला, मोरजाय मोरजीला. मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्रिस सायबीण झाली. तिच्या फेस्ताला हिंदू-ख्रिस्ती दोघंही तेल घेऊन जातात. भाऊ खेतोबा वायंगिणीला. म्हणजे मोरजीचा समुद्र आणि शिरगावचा डोंगर हे दोन तालुक्यांत असले तरी बहिणी-बहिणी आहेत. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा ती आम्हाला रस्तेही सांगत असायची, हे मला मोठेपणी उमगलं. कुठला गाव कुठे, कोणाचं कोणाशी नातं, कोणाकडे कधी जायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेला तो गोव्याचा पहिला नकाशा होता, आणि त्यात तालुक्याची किंवा धर्माची रेघ नव्हती.

वहिनी : गोष्ट मला आवडते. पण वन्सं, माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मला मुलांना बर्फ दाखवायचाय. मी पाहिलेला नाही. माझ्या आईने कणकवलीच्या पलीकडे काही पाहिलं नाही. जवळचं पाहा, जवळचं पाहा हे बायकांना नेहमीच सांगितलं गेलं. लांब पुरुष गेले, मुंबईला गेले, आखातात गेले, बोटीवर गेले. मी स्वतःच्या पगाराने माझ्या मुलीला हिमालय दाखवणार असेन तर त्यात मला माहेर-सासर, पुरुमेंत, कोणाचीच परवानगी मागायची नाही.

ताई यावर बराच वेळ गप्प होती. मग तिने जे म्हटलं ते मला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं.

ताई : जा. नक्की जा. मी तिकिटांना नको म्हणणं सोडलं. पण मनालीवरून आल्यावर मुलीने सांगितलं पाहिजे की तिथली नदी आपल्या तेरेखोलपेक्षा कशी वेगळी. त्यासाठी तिने तेरेखोल पाहिलेली हवी.

तेरेखोलचं ताईला एवढं का, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. धारगळहून पेडणे, पुढे पालये, मग केरी. केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. समुद्राने किनारा खात खात त्यातली बरीच पाडली, तरी उरलेल्यांची सावली दुपारी पुरते. तिथून फेरीबोट. पायी माणसाला तिकीट लागत नाही. गाड्या आधी चढतात, मग माणसं कठड्याला टेकून उभी राहतात, आणि मुलाला पहिल्यांदाच कळतं की नदी ओलांडायला पूल लागतोच असं नाही. पलीकडचा चिमुकला तेरेखोल गाव गोव्याचा, पण त्याच्या पाठीशी सगळा महाराष्ट्र. वरचा किल्ला सावंतवाडीकरांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. आणि १५ ऑगस्ट १९५४ ला गोव्याच्या सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा लावला. आज किल्ल्यात हॉटेल आहे, पण बुरुजाखालच्या वाटेवर उभं राहिलं तरी नदीचं मुख, केरीची वाळू आणि लांबवर हरमलचा डोंगर एका नजरेत येतो. तिथून रेडी आणि शिरोडा हाकेच्या अंतरावर. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. एका दिवसात इतकं पदरात टाकणारी दुसरी सहल मला माहीत नाही.

ताईचा आणखी एक हट्ट आहे : परतताना आगरवाड्याची मिठागरं. मे महिन्यात तिथे मीठ ओढून बांधावर ढीग लावलेले असतात. आगराच्या वाफ्यात उतरायला देत नाहीत आणि उतरूही नये, पण बांधावरून दिसतं. पाण्यावर आधी साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, तो जड होऊन खाली बसतो, मग लाकडी फळीने तो हळूहळू काठाशी ओढायचा. जोराने ओढला तर खालची माती मिसळते आणि मीठ काळं होतं. ओढणाऱ्याची पाठ दिवसभर उन्हात. पहिला जोरदार पाऊस आला की आगर त्या वर्षापुरतं बुडालं. २०२५ सारख्या वर्षी त्यांचे किती दिवस गेले असतील याचा विचार करावा. आमच्या सोलांत, चेपणीच्या आंब्यांत, खाऱ्या मासळीत तेच मीठ असतं. पुरुमेंताचं काम मुलांना जाच वाटतं, कारण ते कोठीपासून सुरू होतं. मिठागरापासून सुरू केलं तर वाटणार नाही, असं ताईचं म्हणणं. मला ते पटतं.

वहिनी : मिठागर दाखवाल, ठीक आहे. पण सोलां वाळवेल कोण, ते अजून कोणी सांगितलं नाही.

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, इतका वेळ पेपर वाचत होता. पुरुष या विषयात नेहमी पेपर वाचत असतात. या वेळी ताईने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

ताई : दादा वाळवेल. विचारते काय, सांगतेच आहे. सकाळी आठला पसरायची, संध्याकाळी आगळात बुडवायची. शिकायला दोन दिवस लागतात. मुलगे मदतीला, मुली नव्हेत.

दादा : मला मीठ किती घालतात ते माहीत नाही.

वहिनी : आईंना विचारा. मला विचारू नका.

मला ही त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची घडामोड वाटली. जवळच्या सहलींची, गावच्या उन्हाळ्याची, आजोळाची जी तारीफ आपण मराठी वाचक इतक्या प्रेमाने करतो, तिच्या मुळाशी कुणाचे तरी हात गुंतलेले असतात. ते हात मोकळे केले नाहीत तर ती बाई मनालीला जाईल आणि तिने जावंच. आणि ते मोकळे केले तर तिलाही आपल्या गावात पाहुणीसारखं, कामाशिवाय, नुसतं हिंडता येईल. आजवर कोणी तिला ते करू दिलेलं नाही. उन्हाळा लहान झाला आहे; पाऊस आधी येतो आणि शाळा मध्ये घुसते, यातलं काहीच आपल्या हातात नाही. कामाची वाटणी हातात आहे.

वहिनीने मग स्वतःच कॅलेंडर काढलं. तिचा हिशोब सरळ होता. पाऊस मेअखेर येण्याचा संभव असेल तर वाळवण वीस तारखेच्या आत उरकायला हवं. मनाली शेवटच्या आठवड्यात; इथे पाऊस लागला तरी हरकत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत ती रजा काढणार नाही, कारण जवळ जायला रजा लागतच नाही, संध्याकाळ आणि रविवार पुरतो. मुलं पोहण्याचा वर्ग करून दुपारी घरी येतील आणि मधल्या आठवड्यात डिचोलीला राहतील, तिच्याशिवाय.

ताई : बुधवारी त्यांना डिचोलीच्या बाजारात नेईन. नार्व्याला सप्तकोटेश्वर दाखवीन. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ, २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्त झालंय, अजून तुम्हीही पाहिलं नसेल. मयेला उंचावरून उडी मारायचं ते बंजी जंपिंग आहे, २०१८ पासून. ते लांबूनच बघायचं.

वहिनी : लांबूनच.

ताई : आणि हरवळ्याला मे महिन्यात धबधबा बारीक असतो, पण पांडवांच्या गुहा गार असतात. दुपार तिथे काढू. तुम्ही या एका संध्याकाळी. अस्नोड्यावरून तासभरसुद्धा लागत नाही.

वहिनी : बघते. आधी पोहण्याच्या वर्गात नावं घालू दे, जागा भरतात.

ताई : आणि तेरेखोलला? रविवारी सकाळी?

वहिनी : सकाळची फेरी असेल तर येते. पण डबा मी करणार नाही.

दादा : पालयेला भाजी-पाव घेऊ. गरम असतो सातला.

वहिनी : मग साडेसहाला निघावं लागेल. मुलांना तुम्ही उठवायचं.